निळी मुळं

रोह्याजवळच्या वरसेच्या त्या घरात राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी खाली स्वयंपाकघरात पाणी घ्यायला आले, तर गॅसवर एका टवके उडालेल्या पातेल्यात शेवया शिजत होत्या. आदल्या दिवशी सामान लावण्याच्या नादात मी नीट जेवले नव्हते. घरमालकीण मागच्या परसात कुणाशी तरी बोलत होती. मी चमचा घेतला आणि पातेल्यात घातला.

"चमचा ठेव खाली." दारातून आवाज आला, अजिबात न चढवलेला. "कॉस्टिक सोडा हाय त्यात. जीभ जाईल."

मी चमचा ठेवला. त्या आत आल्या, पातेलं उतरवलं, त्या शेवया चहाच्या गाळणीत ओतल्या, नळाखाली धुतल्या, एका वाटीत घेतल्या. वाटीत व्हिनेगर ओतलं आणि ओढणीच्या टोकाला बांधलेली फाउंटन पेनच्या शाईची बाटली सोडून त्यात चार थेंब टाकले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुळं हायत, मक्याची. चहा घेशील?"

त्यांच्या दोन्ही हातांची बोटं नखांपर्यंत निळी होती. मला त्या घरात राहायची भीती वाटली हे मी आज कबूल करते.

सगळं रोहा त्यांना आपा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. पेणच्या एका शाळेत त्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. रोज एसटीने रोह्याहून पेणला जायच्या आणि परत यायच्या, नोकरी संपेपर्यंत. कांद्याचा पापुद्रा काढून काचपट्टीवर ठेवायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शक लावून द्यायचा, आणि मुलं बघत असताना बाजूला उभं राहायचं, हे त्यांचं काम. स्वतः दहावीपुढे शिकल्या नव्हत्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ दुबईला, त्याचा शुक्रवारी फोन यायचा. शाळेनं मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी मागून घेतला होता, त्याचा मोडलेला पाय चपलेच्या सोलने बसवला होता. एकदा कृषी महाविद्यालयातल्या एक बाई शाळेत व्याख्यानाला आल्या होत्या. त्यांनी मुळांमधली बुरशी शाई आणि व्हिनेगर वापरून कशी पाहायची ते दाखवलं. मुलं विसरली. आपा विसरल्या नाहीत.

ही बुरशी म्हणजेच मायकोरायझा, आणि मी पोटापाण्यासाठी तीच विकत होते. एका कंपनीत माझी नवी नोकरी होती, पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. बहुतेक पिकांच्या मुळांत ही बुरशी राहते. ती मुळाकडून साखर घेते आणि मूळ जिथे पोचत नाही तिथून आपल्या धाग्यांनी स्फुरद आणि पाणी ओढून आणते. आमच्याकडे भातखाचरात चार महिने पाणी तुंबून असतं, त्यात ती मंदावते. मग भातानंतर त्याच खाचरात कलिंगड लावलं की वेलाला सोबत मिळत नाही. म्हणून कंपनीची भुकटी बियांना चोळायची आणि स्फुरदाचं खत निम्मं करायचं. हे मी स्कूटरवरून गावोगाव सांगत फिरायचे. भुकटीच्या पाकिटांची खोकी ठेवायला जागा हवी होती. आपांच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती, ती त्यांनी मला खोलीसोबत दिली. चैत्रात खोकी आली आणि शेड भरली.

आपांना बुरशी या शब्दाबद्दल लोकांची जी समजूत आहे तिचा फार राग यायचा. "बुरशी म्हटली की लोक औषध मारतात," त्या म्हणायच्या. "कुठली बुरशी ते तरी इचारा." मुळा, मोहरी आणि कोबी त्यांच्या घरात शिजत नसत. मी एकदा मुळ्याची भाजी केली तेव्हा त्या तीन तास माझ्याशी बोलल्या नाहीत. मग आपणहून म्हणाल्या, "मुळ्याच्या मुळात ती राहत नाय. किती मुळे उपटून बघितले. एकात पन नाय. असल्या झाडाचं काय खायचं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आणि उपटणं. त्या कुणाच्याही जमिनीतून काहीही उपटत. कोलाडला महामार्गाच्या दुभाजकातलं कण्हेरीचं रोप त्यांनी भर दुपारी रस्त्यात उभं राहून उपटलेलं मी पाहिलंय. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. शेजारच्यांच्या झेंडूची सात रोपं त्यांनी एकेक करून उपटली, मुळाचं टोक तेवढं कापलं, सातही परत लावली. त्यातलं एकही मेलं नाही, हे त्या शेजाऱ्यांना वारंवार ऐकवत. शेजारी त्यांच्याशी बोलत नसत.

गागोदे बुद्रुकला एका काकांच्या शेतात आमच्या कंपनीचा वालाचा प्रात्यक्षिक प्लॉट होता. वाल इतका भरघोस आला होता की कंपनीच्या लोकांनी येऊन काकांचं चित्रीकरण केलं. पाकिटामुळे वाल असा आला, असं काकांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्या दिवशी आपा माझ्या स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या. काका बोलत असतानाच त्या खाली बसल्या आणि प्लॉटच्या अगदी मधलं झाड मुळासकट काढून पिशवीत घातलं. माझ्या साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. घरी आल्यावर ते मूळ त्यांनी उकळलं, शाईत घातलं, आणि मला बोलावलं.

मी कृषी पदवीधर आहे. पुस्तकात चित्रं पाहिली होती, परीक्षेत काढलीही होती. पण काचेखाली असं मूळ मी पहिल्यांदाच बघत होते. पारदर्शक मुळाच्या एकेका पेशीत एक निळं झाड उभं होतं, बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या, पार बारीक होत गेलेल्या. मी किती वेळ डोळा लावून होते कुणास ठाऊक. आपा बाजूला उभ्या राहून वाट बघत होत्या, शाळेत राहत असतील तशा.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "हे विकतेस तू. बघितलं नव्हतंस कधी."

ही वालाची गोष्ट जानेवारीतली. दिवाळीनंतर मी शेडमधली जवळजवळ सगळी पाकिटं वाटून टाकली होती. त्याच जानेवारीत कोलाडजवळच्या एका मावशींचा फोन आला. मावशी खंडाने जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर कलिंगड करायच्या. नवरा कारखान्यात शिफ्टला, शेती सगळी त्यांच्या अंगावर.

"येऊन बघ गो जरा. वेल सरकत नाय."

जाऊन पाहिलं. वेल हातभर लांब होऊन थांबले होते. पानं जांभळट पडली होती, म्हणजे स्फुरद मिळत नव्हतं. मावशींनी माझं ऐकून खत निम्मं केलं होतं. आजूबाजूला ज्यांनी माझं ऐकलं नव्हतं, त्यांचे वेल सरीभर पसरले होते.

मी त्या वेलांची मुळं घेऊन वरसेला आले. आपांनी ती नेहमीसारखी उकळली, रंगवली. काचेखाली रिकामी, फिकट, स्वच्छ मुळं. एकही निळा धागा नाही. मी दुसरं मूळ बघितलं, तिसरं बघितलं.

"पाकिटातच काही नसेल," मी म्हणाले. मला कंपनीचा संताप आला होता. "आपा, आपण पाकीटच तपासू."

आपांनी काचपट्टी काढून पुसली. मग म्हणाल्या, "तपासू."

त्यांची तपासायची रीत अशी. कुकरमध्ये माती भरायची आणि ती पाच शिट्ट्या होईपर्यंत शिजवायची, म्हणजे तिच्यात आधीचं काही जिवंत राहत नाही. त्या वासाची शिसारी मला आजही येते. मग ती माती दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरून मका लावायचा. एका डब्यात आमच्या शेडमध्ये उरलेल्या पाकिटातली भुकटी. एकात पेणच्या दुकानदाराकडून आणलेल्या पाकिटातली. माल तोच, कंपनीने चैत्रात त्याला थेट पाठवलेला, त्याने तो दुकानाच्या मागच्या गार खोलीत ठेवला होता. तिसऱ्या डब्यात काहीच नाही. सहा आठवडे थांबायचं.

सहा आठवड्यांनी आम्ही मुळं काढली. पेणच्या पाकिटाची मुळं निळ्या झाडांनी भरलेली होती. आमच्या शेडमधल्या पाकिटाची आणि काहीच न घातलेल्या डब्याची मुळं सारखीच, रिकामी.

मी स्टुलावर बसले. कंपनीने फसवलं नव्हतं. भुकटी आली तेव्हा जिवंत होती. चैत्र आणि वैशाख ती पत्र्याखाली होती, जिथे दुपारी मी स्वतः पाय ठेवू शकत नव्हते. थंड आणि कोरड्या जागी ठेवा, असं प्रत्येक पाकिटावर छापलेलं होतं. ते मी सभांमध्ये शेतकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे.

मी ती मारली होती. मारून घरोघर वाटली होती, आणि वर खत कमी करा म्हणून सांगितलं होतं.

त्याच दिवशी साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "कुणाला काही बोलू नका. हवामान म्हणा. यंदा थंडी विचित्रच होती." मी फोन ठेवला आणि ही मुळं जपून ठेवायला कोरी काचपट्टी शोधायला आपांची लाकडी पेटी उघडली.

आपा प्रत्येक काचपट्टीला चिठ्ठी चिकटवत, शाळेची सवय. मधल्या खाचेत एक पट्टी होती. चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पाकीट, पत्र्याखालचं, मका, रिकामं. खाली तारीख होती. ऑगस्टमधली.

मी ती तारीख परत वाचली. पाकिटं मी दिवाळीनंतर वाटली होती.

आपा परसात डबे धूत होत्या. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती ओळखली. नळ बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"ऑगस्टपासून."

"व्हय."

"मी रोज सकाळी तुमच्यासमोरून पाकिटं भरून नेत होते. तुम्ही मला डबा करून देत होतात."

एखाद्या खोटं बोलणाऱ्या माणसानं हे केलं असतं तर मला धक्का बसला नसता. ही बाई रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या झाडाबद्दल खरं ते सांगायची. शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं तरी सांगायची.

"का?" मी विचारलं.

त्यांनी ओले हात ओढणीला पुसले. पुष्कळ वेळ पुसत राहिल्या.

"सांगितलं असतं तर तू माल परत पाठवला असतास. कंपनीनं तुला काढलं असतं, न्हायतर दुसरीकडं घातलं असतं. तू गेली असतीस." मग म्हणाल्या, "माझ्या घरात काचेला डोळा लावनारं दुसरं कोन आलंय इतक्या वर्सात? मला वाटलं, आज सांगीन, उद्या सांगीन. मग दिवाळी झाली."

मी त्या दिवशी सामान बांधलं. बांधून पलंगावर बसून राहिले. जायचं कुठे हा प्रश्न नव्हता, घरी जायला स्टँडवर नाशिकची गाडी मिळाली असती. पण माझ्या वहीत ज्यांना पाकिटं दिली त्यांची नावं होती. सकाळी मी खाली आले आणि आपांना म्हणाले, "मी सगळ्यांना जाऊन सांगणार आहे."

त्या तयार होऊन बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शक दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीत घातला होता. "मी पन येते," त्या म्हणाल्या. त्यांना नको म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

पहिल्या घरी मी बोलायला तोंड उघडलं, तोच त्या पुढे झाल्या. "पाकिटातलं औषध मेलेलं व्हतं. माझ्या पत्र्याखाली मेलं. हिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक व्हतं. मी गप बसले." माझी मानच खाली गेली. त्यांनी हे वाक्य प्रत्येक घरी म्हटलं, जसंच्या तसं, एकही शब्द मऊ न करता. पेणच्या बाजूला एका माणसानं आम्हाला अंगणातून हाकलून दिलं. एका घरात पाणी मिळालं पण कुणी बोललं नाही.

गागोद्याच्या काकांनी सगळं ऐकलं, घरात गेले, आणि बंद पाकीट आणून माझ्या हातात दिलं. ते त्यांनी उघडलंच नव्हतं. "पोरगी उन्हातानात येते, वाईट वाटेल म्हनून बोललो त्या कॅमेऱ्यात," ते म्हणाले. वाल मग आला कसा? काकांच्या वाडीत भात नव्हतं, उंचावरची जागा, पाणी कधी तुंबतच नव्हतं. बुरशी तिथे आधीपासून नांदत होती. मी आणि माझे साहेब तिच्याच नावावर पाकिटं विकत होतो.

कोलाडच्या मावशींकडे आम्ही शेवटी गेलो, कारण मला तिथे जायची सर्वांत जास्त भीती होती. शेतात फळं दिसत होती, पण नारळाएवढी. मावशींनी आपांचं वाक्य पुरतं ऐकलं.

"तुला ठाऊक व्हतं नि तू गप बसलीस?"

"व्हय."

"ही पोर चुकली ती न कळून. तू कळून." मावशींच्या आवाजात राग असा नव्हता, त्यामुळेच मला ऐकवेना. "पाया पडायला आलीस काय?"

"नाय," आपा म्हणाल्या. "पुढल्या साली तुझी रोपं मी करून देते. माती मी करते. तुझ्या हातानं."

"माझ्या हातानं म्हंजे?"

"तुला शिकवते. मी मेले तर तुझं अडायला नको."

मावशींनी खूप वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी ये. मंगळवारी मला सवड असते."

माझी नोकरी गेली. साहेबांना मी लेखी कळवलं होतं, त्याचं उत्तर आठ दिवसांत आलं. कोलाडजवळच एका रोपवाटिकेत मला काम मिळालं, आंब्याच्या कलमांचं. मी वरसेचं घर सोडलं नाही. का सोडलं नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आपांशी मी पूर्वीसारखी कधीच बोलले नाही. त्यांना ते कळत होतं. त्या जेवण वाढत, मी जेवत असे.

पण मंगळवारी त्या कोलाडला जात. काकांच्या वाडीतली मूठभर माती आणायची, शिजवलेल्या मातीत मिसळायची, कुंड्यांत मका लावायचा, की त्याच्या मुळांवर बुरशी वाढत जाते. मग ती माती आणि चिरलेली मुळं कलिंगडाच्या रोपांच्या पिशव्यांत घालायची. पहिल्या वर्षी निम्म्या वेलांना ही बुरशी लागली. दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळ्यांना. खत किती कमी करायचं ते आपांनी सांगितलं नाही. मावशींनी एकेक सरी वेगळी ठेवून स्वतः ठरवलं. त्यांच्या आळीतल्या आणखी चार बायका यायला लागल्या. आपा त्यांना काचेतून बघायला लावत आणि बाजूला उभ्या राहून वाट बघत.

तिसऱ्या वर्षी, सोमवारी सकाळी, आपा अंगणातच खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. मी रोपवाटिकेत होते. शेजाऱ्यांनी फोन केला, ज्यांचे झेंडू उपटले होते त्यांनीच. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुबईहून भाऊ यायला वेळ लागणार होता, थांबणं शक्य नव्हतं. दुपारी पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली. घरात बायका बसल्या. मीही बसले. मला रडू येत नव्हतं, मी नुसती बधिर झाले होते. त्यांच्यावरचा राग काढायला आता माणूसच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. कोलाडच्या मावशी आल्या. मला वाटलं त्यांना कळलं म्हणून आल्या, पण त्यांना रोह्याच्या स्टँडवर उतरल्यावरच कळलं होतं. आपा कोलाडच्या स्टँडवर दिसल्या नाहीत म्हणून त्या उलट वरसेला आल्या होत्या. बायकांमध्ये येऊन बसल्या. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझा राग गेला नव्हता गो तिच्यावरचा. आज पन नाय गेला. पन ती एक मंगळवार चुकली नाय."

मी मान हलवली.

परसात मक्याच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सगळा मका मान टाकून उभा होता, पानं वाळून करकरीत झालेली. शेजारची सून ते बघून गलबलली. "आपा गेल्या नि झाडं पन चालली," म्हणत तिने बादली भरली आणि कुंड्यांकडे निघाली. मीही तांब्या घेऊन तिच्या मदतीला उठले. मावशी झटकन उठल्या आणि त्यांनी बादली मधेच धरली.

"पानी नको घालू."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. दारात बसलेल्या बायकाही बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगो, मरतील ती."

"मरायलाच पायजेत. तिनं मुद्दाम बंद केलंय पानी, आठ दिस झाले. झाड सुकाया लागलं की बुरशी आपली बीजं धरते मुळात." मावशींनी बादली भिंतीशी ठेवली, एका कुंडीपाशी उकिडव्या बसल्या आणि मातीत बोट खुपसून पाहिलं. "अजून चार दिस," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मग वरचं कापायचं नि मुळं ठेवायची. मी येते शनिवारी. तू सुरीला धार लावून ठेव."